दूषक द्रव्यांची सागरातील गती

नागपूर आणि समुद्र यांचा संबंध प्रथमदर्शनी दूरान्वयाचा वाटतो. पूर्वेचा वा पश्चिमेचा कोणताही किनारा ह्या नगरीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील बोलण्यात भरती, ओहोटी, उधाण हे शब्द आले तरी ते बहुधा लाक्षणिक अर्थानेच येतात. परंतु नकाशावर बोट ठेवून पाहिले असता हे अंतर वेगळ्या प्रकारे मोजता येते. शहराच्या पश्चिमेस लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन पूर्वेकडे वाहते, पिवळी नदीला सामावून घेते आणि कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्यापाशी वैनगंगेत जाते. हे तेच आंभोरे, ज्याच्याशी एक परंपरा मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'ची रचना जोडते. पुढे वैनगंगा व वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याच्या परिसरात गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी आंध्र प्रदेशातील आपल्या त्रिभुज प्रदेशातून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे सीताबर्डीच्या गटारात टाकलेला पदार्थ तत्त्वतः समुद्राच्या वाटेवरच टाकलेला असतो.

'तत्त्वतः' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. तो पदार्थ प्रत्यक्षात समुद्रापर्यंत पोहोचतो काय, कोणत्या रूपात पोहोचतो आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते, ह्या प्रश्नांना एकच एक उत्तर नाही. ते पदार्थागणिक बदलते. एकाच गटारातून निघालेली चार द्रव्ये चार निरनिराळ्या ठिकाणी जाऊन थांबतात. ही भिन्नता ध्यानात न घेता जे उपाय योजले जातात ते बहुधा निष्फळ ठरतात, आणि कधीकधी अपायकारकही ठरतात. सागरी प्रदूषणाच्या इतिहासातील काही प्रसंगांच्या आधारे ह्या भिन्नतेचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एक शब्द, अनेक वस्तू

मराठीत आज 'प्रदूषण' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. त्याच्या मुळाशी असलेला 'दुष्' हा धातू बिघडणे, दोषयुक्त होणे ह्या अर्थाचा असून 'दूषण' ह्या जुन्या शब्दात दोष आणि निंदा असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. 'प्र' हा उपसर्ग लागल्याने अर्थाला आधिक्य आले, परंतु त्याचे स्वरूप पालटले नाही. ह्या शब्दातून सूचित होते ती शुद्ध वस्तूला आलेली एक अवस्था. ती आणणारी द्रव्ये किती प्रकारची आहेत, ह्याविषयी तो काहीच सांगत नाही. त्यातच, वाहते पाणी निर्मळ असते आणि मोठ्या पाण्यात लहान दोष नाहीसा होतो, ह्या समजाची आपल्या समाजात शतकांची रुजवण आहे. दोष एकच मानला म्हणजे त्याचे निवारणही एकच मानले जाते: अधिक पाणी आणि अधिक प्रवाह. समुद्र तर पाण्याची परिसीमा. तेव्हा त्यात काहीही विरून जाईल, असे वाटणे स्वाभाविकच होते.

हा समज सर्वस्वी चुकीचा आहे, असे म्हणता येत नाही. काही द्रव्यांच्या बाबतीत तो काही मर्यादेपर्यंत खरा आहे, आणि म्हणूनच तो दृढ झाला. अडचण येते ती ह्या काही द्रव्यांचा नियम सर्व द्रव्यांना लावल्यामुळे. ह्या दृष्टीने सागरात जाणाऱ्या रासायनिक द्रव्यांचे स्थूलमानाने चार वर्ग कल्पिता येतात: सूक्ष्मजीव ज्यांचे विघटन करतात ती सेंद्रिय द्रव्ये व त्यांतून मोकळी होणारी पोषक द्रव्ये, खनिज तेल, ज्यांचे विघटन मुळी संभवतच नाही असे धातू, आणि मानवनिर्मित चिरस्थायी संयुगे.

२. विघटनशील द्रव्ये आणि प्राणवायूचा हिशेब

पहिला वर्ग घरगुती मैलापाण्याचा. त्यातील सेंद्रिय द्रव्य सूक्ष्मजीवांचे अन्न असते. ते अन्न पचविताना सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आपल्याकडील उबदार समुद्राच्या एक लिटर पाण्यात हा प्राणवायू साधारणतः सहा ते सात मिलिग्रॅमच मावतो. त्यामुळे मैल्याचे प्रमाण मर्यादित असेल आणि भरती-ओहोटीने पाणी खेळते असेल तर खर्च झालेला प्राणवायू भरून निघतो आणि पाणी पुन्हा पूर्वस्थितीला येते. मुंबई महानगराचे मैलापाणी वरळी व वांद्रे येथून तीन किलोमीटरांहून अधिक लांबीच्या नळांनी खोल समुद्रात सोडण्याची जी योजना झाली, तिचा आधार हाच आहे. विरळ करण्याचे तत्त्व ह्या वर्गाला लागू पडते ते ह्या अर्थाने.

परंतु येथेही हिशेब पूर्ण होत नाही. सेंद्रिय द्रव्य संपले तरी त्यातील नत्र व स्फुरद हे घटक शिल्लक राहतात. शुद्धीकरणाच्या नेहमीच्या प्रक्रियेत मैल्यातील अमोनियाचे पुष्कळ अंशी नायट्रेट होते. नत्र नाहीसा होत नाही, केवळ रूप बदलतो. शेतांतून वाहून येणाऱ्या रासायनिक खतांचा नत्रही ह्यातच मिळतो. नायट्रेट पाण्यात पूर्णतः विद्राव्य असल्याने ते गाळाबरोबर खाली बसत नाही, दूरवर जाते. समुद्रात पोहोचल्यावर ते सूक्ष्म वनस्पतींचे खाद्य होते. त्या अमाप वाढतात, मरतात आणि खोल पाण्यात कुजताना तेथील प्राणवायू खर्च करतात. जो प्राणवायू नदीत वाचविला तो अशा रीतीने समुद्रात खर्ची पडतो.

भारताच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत ह्या प्रश्नाला विशेष गांभीर्य आहे, कारण दोन्हींच्या मध्यम खोलीवर प्राणवायूचे प्रमाण निसर्गतःच अत्यल्प असते. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात व त्यानंतर प्राणवायूचा जो अभाव निर्माण होतो, तो तीव्र होत चालला असल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सय्यद वजीह अहमद नक्वी व त्यांचे सहकारी यांनी २००० साली दाखवून दिले. किनाऱ्याकडून येणारा वाढता नत्र हे त्याचे एक संभाव्य कारण त्यांनी सुचविले. बंगालच्या उपसागराची स्थिती आणखी नाजूक आहे. तेथे मध्यम खोलीवरील पाण्यात प्राणवायूचा केवळ लेश उरलेला आहे आणि तेवढ्या लेशामुळेच तेथील नत्रचक्र अद्याप अरबी समुद्राप्रमाणे पालटलेले नाही, असा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनात काढण्यात आला. गोदावरीचे पाणी ह्याच उपसागराला मिळते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पोषक द्रव्यांचा परिणाम नेहमी कुरूपच दिसतो असेही नाही. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने उतरणारे रोहित पक्षी पाहून खाडी स्वच्छ झाल्याचा तर्क अनेक जण करतात. २०१५ साली खाडीच्या एका भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचा समावेश झाला. हे संरक्षण उचितच होय. परंतु लहान रोहित पक्ष्याचे मुख्य खाद्य सूक्ष्म शेवाळ आहे आणि शेवाळ पोषक द्रव्यांवर पोसते. तेव्हा पक्ष्यांचे आगमन हा पाण्याच्या शुद्धतेचा पुरावा ठरत नाही. उलट पक्षी, तो पोषक द्रव्यांच्या विपुलतेचाही निदर्शक असू शकतो.

३. खनिज तेल

तेलगळतीची दृश्ये भयानक असतात, त्यामुळे लोकमानसात सागरी प्रदूषण म्हणजे तेल असे समीकरण झाले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ह्या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले, त्यावरील शेकडो पेट्या समुद्रात पडल्या आणि सुमारे ८०० टन तेल सांडले. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीची झाडे काळ्या थराने माखली. कित्येक दिवस मासळीला गिऱ्हाईक मिळेना. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नवा हंगाम सुरू होण्याची वाट पाहणाऱ्या कोळी कुटुंबांवर हे संकट ऐन वेळी कोसळले.

तरीही तेलाची सागरातील गती धातूंपेक्षा वेगळी आहे. तेल हे एक द्रव्य नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलका भाग काही तासांत वा दिवसांत हवेत उडून जातो. काही भाग लाटांनी घुसळला जाऊन पाण्याशी एकजीव होतो. बऱ्याचशा भागाचे सूक्ष्मजीव हळूहळू विघटन करतात. जड भाग उरतो, त्याचे डांबरासारखे गोळे बनतात आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात गोव्याच्या पुळणींवर येऊन पडणारे गोळे हेच होत. खारफुटीच्या चिखलात शिरलेले तेल मात्र प्राणवायूच्या अभावी वर्षानुवर्षे टिकते. तात्पर्य, तेलाच्या बाबतीत काळ साह्यकारी असतो, परंतु स्थळावर पुष्कळ अवलंबून असते. उघड्या खडकाळ किनाऱ्याला लाटा धुऊन काढतात, खाडीला धुणारे कोणी नसते.

४. धातू आणि खाडीचा गाळ

तिसऱ्या वर्गाकडे वळल्यावर विरळ होण्याचे तत्त्व मुळातच कोसळते. पारा, शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त ही मूलद्रव्ये आहेत. त्यांचे संयुग मोडता येते, परंतु स्वतः मूलद्रव्य मोडत नाही. सूक्ष्मजीव, सूर्यप्रकाश वा काळ यांपैकी कोणीही पाऱ्याचा नाश करू शकत नाही. तो जागा बदलतो, रूप बदलतो, एवढेच.

आणि समुद्रात तो पसरण्याऐवजी एकत्र होतो. याचे कारण नदीमुखाच्या रसायनात आहे. नदीच्या पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण ऋण विद्युत्भाराचे असल्याने एकमेकांना दूर सारतात आणि तरंगत राहतात. सागराच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गोडे पाणी खाऱ्याला भेटते तेथे ह्या क्षारांमुळे कणांचा भार निष्प्रभ होतो, कण परस्परांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. त्यांच्या पृष्ठभागाला चिकटलेले धातूही त्यांच्यासह खाली जातात. कॅडमियमसारखा एखादा धातू मात्र खाऱ्या पाण्यातील क्लोराइडशी संयोग पावून गाळातून पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणजे धातू-धातूंतही भेद आहेच. परंतु एकंदरीत नदीमुख हे एक सापळ्यासारखे काम करते. जे समुद्रभर पसरेल असे वाटत होते ते खाडीच्या तोंडाशीच साठते.

ठाण्याची खाडी हे याचे बोलके उदाहरण होय. ही खाडी उत्तरेकडे एका अरुंद, उथळ वाहिनीने उल्हास नदीशी जोडलेली आहे आणि दक्षिणेकडे मुंबई बंदरात उघडते. आतल्या भागात पाण्याची उलाढाल मंद असते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ साली स्थापना झाल्यानंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची दाटी झाली आणि त्यांचे सांडपाणी दीर्घकाळ ह्याच खाडीकडे वळले. उल्हास नदीच्या खोऱ्यातही असेच घडले. आंबिवलीजवळ काळू नदीतील पाऱ्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत चर्चेत आला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हास नदीमुखाच्या गाळातील पाऱ्याचा जो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला, त्यात आतल्या भागातील गाळात पारा नैसर्गिक पातळीहून पुष्कळ अधिक असल्याचे आढळले. गाळ थराथराने साठत असल्यामुळे तो एखाद्या दप्तरासारखा असतो. कोणत्या काळात काय सोडले गेले याची नोंद त्यात राहते, आणि कारखाना बंद झाला तरी ती पुसली जात नाही.

ह्या दप्तराला हात लावणेही धोक्याचे असते. प्राणवायूविरहित चिखलात धातू गंधकाशी संयोग पावून अविद्राव्य सल्फाइडांच्या रूपाने बांधलेले असतात. बंदरासाठी खाडी खोल करताना हा चिखल उपसला म्हणजे त्याला प्राणवायू मिळतो, सल्फाइड मोडते आणि बांधलेला धातू पुन्हा मोकळा होतो. खाडी साफ करण्याचे काम अविचाराने केले तर तेच तिला नव्याने दूषित करू शकते.

५. मिनामाताचा धडा

पाऱ्याच्या बाबतीत याहून गंभीर अशी एक गोष्ट घडते. गंधकयुक्त सल्फेटांवर जगणारे काही सूक्ष्मजीव चिखलात पाऱ्याचे मिथिल-पारा नावाच्या सेंद्रिय संयुगात रूपांतर करतात. हे संयुग सजीवांच्या शरीरात सहज शिरते आणि फार सावकाश बाहेर पडते. सूक्ष्म वनस्पतींतून ते जवळ्यासारख्या बारीक जीवांत, त्यांतून लहान माशांत, आणि लहान माशांतून सुरमई व मुशी ह्यांसारख्या शिकारी माशांत जाते. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते आणि अखेरच्या पायरीवर ते भोवतालच्या पाण्याच्या दशलक्ष पटीच्या घरात जाऊ शकते. पाण्याची तपासणी निर्दोष निघते आणि त्याच पाण्यातील मासा विषारी असतो, असा विपरीत प्रकार ह्यामुळे संभवतो.

जपानमधील मिनामाता येथे नेमके हेच घडले. तेथील चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनविण्यासाठी पाऱ्याच्या क्षाराचा उत्प्रेरक म्हणून उपयोग करीत असे. त्याच्या सांडपाण्यातून मिथिल-पारा मिनामाताच्या उपसागरात जात असे. १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या एका अज्ञात विकाराची अधिकृत नोंद झाली. १९५८ च्या सप्टेंबरात कारखान्याने सांडपाण्याचा मार्ग उपसागराऐवजी मिनामाता नदीच्या मुखाकडे वळविला. मोकळ्या, वाहत्या पाण्यात दोष विरेल, हीच त्यामागील कल्पना असली पाहिजे. परिणाम उलट झाला: रोग नव्या किनाऱ्यांवरील गावांत पसरला. १९५९ च्या डिसेंबरात कारखान्याने मोठ्या समारंभाने शुद्धीकरणयंत्र बसविले. परंतु त्या यंत्राची रचना सेंद्रिय पारा काढण्यासाठी केलेलीच नव्हती. पाणी स्वच्छ दिसू लागले आणि विष जातच राहिले. रोगाचे कारण कारखान्याचा मिथिल-पारा होय, हे जपान सरकारने मान्य केले ते १९६८ च्या सप्टेंबरात. पुढे उपसागराचा दूषित गाळ काढून व भराव घालून बंदिस्त करण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले.

ह्या वृत्तांतातील दोन प्रसंग विशेष मननीय आहेत. प्रवाह वळविणे आणि शुद्धीकरणयंत्र बसविणे, हे दोन्ही उपाय पहिल्या वर्गातील द्रव्याला कमीअधिक लागू पडले असते. तिसऱ्या वर्गातील द्रव्याला ते लावल्यामुळे एकाने अपाय वाढला आणि दुसऱ्याने खोटा दिलासा मिळाला. द्रव्याची जात न ओळखता योजलेल्या उपायाची किंमत मिनामाताच्या कोळी कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या मोजली, कारण मिथिल-पारा गर्भातील अर्भकापर्यंतही पोहोचतो.

ह्या दुर्घटनेचे नाव धारण करणारा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली मंजूर झाला, २०१७ साली अमलात आला आणि भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. कॉस्टिक सोडा बनविण्याची पाऱ्यावर आधारलेली जुनी पद्धत सोडून भारतीय उद्योग टप्प्याटप्प्याने पारारहित पटल-पद्धतीकडे वळला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पाऱ्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो विदर्भाशी थेट निगडित आहे. दगडी कोळशात पाऱ्याचा अंश असतो. कोळसा जाळला म्हणजे त्याचा बराच भाग बाष्परूपाने धुराड्यातून बाहेर पडतो, महिनोन्महिने वातावरणात राहतो आणि हजारो किलोमीटरांवर कोठेतरी पावसाबरोबर वा धुळीबरोबर उतरतो. कोराडी, खापरखेडा वा चंद्रपूर येथील कोळशातील पारा समुद्रात जाण्यासाठी नदीवर अवलंबून नाही. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक विद्युत्केंद्रांच्या धुरातील पाऱ्यासाठी प्रथमच मर्यादा घालून दिली, तिचे महत्त्व ह्या दृष्टीने समजून घेतले पाहिजे.

६. चिरस्थायी संयुगे

चौथा वर्ग अशा संयुगांचा, जी निसर्गात पूर्वी नव्हती आणि म्हणून त्यांना पचविणारे सूक्ष्मजीवही फारसे नाहीत. डीडीटी हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ साली शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाच्या निर्मूलनात ह्या द्रव्याने बजावलेली कामगिरी नाकारता येत नाही. परंतु ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आणि चरबीत अत्यंत विद्राव्य आहे. त्यामुळे पाण्यातून ते सजीवांच्या चरबीत जाते आणि पाऱ्याप्रमाणेच आहारशृंखलेत पायरीपायरीने साठते. जेथे कोणी शेती करीत नाही अशा अंटार्क्टिकावरील पेंग्विन पक्ष्यांच्या शरीरात डीडीटीचा अंश असल्याचे १९६६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ह्या द्रव्याला किनारा वा सीमा नाही हे स्पष्ट झाले. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली बंद करण्यात आला. चिरस्थायी सेंद्रिय दूषकांविषयीच्या २००१ च्या स्टॉकहोम करारास भारताने २००६ साली मान्यता दिली.

येथे एक सूक्ष्म भेद करणे अवश्य आहे. कापसावर आज फवारली जाणारी बहुतेक कीटकनाशके डीडीटीहून पुष्कळ लवकर विघटन पावतात. समुद्रापर्यंत ती क्वचितच टिकतात. परंतु म्हणून ती सौम्य ठरत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधांत शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे बळी गेले. टिकाऊपणा आणि विषारीपणा हे दोन वेगळे गुण आहेत. एक द्रव्य दूरच्या माशाला हळूहळू मारते, दुसरे जवळच्या माणसाला तत्काळ मारते. दोहोंना 'प्रदूषक' हा एकच शब्द लावताना ह्या भेदाचे विस्मरण होता कामा नये.

७. मोजमाप आणि कायदा

वरील विवेचनातून मोजमापाविषयीचा एक निष्कर्ष सरळ निघतो. पाण्यातील प्राणवायू आणि त्याची मागणी मोजून पहिल्या वर्गाची कल्पना येते, इतरांची येत नाही. धातूंसाठी गाळ तपासावा लागतो. चिरस्थायी संयुगांसाठी व मिथिल-पाऱ्यासाठी सजीवांचे शरीर तपासावे लागते. एका जागी चिकटून राहून सतत पाणी गाळणारे शिंपले ह्या कामी उपयोगी पडतात हे ओळखून एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली जगभरच्या शिंपल्यांवर नजर ठेवण्याची योजना सुचविली. भारतातही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून किनारी जलाच्या नियमित निरीक्षणाचा शासकीय कार्यक्रम चालू आहे. कोळी बांधवांचे निरीक्षणही दुर्लक्षिण्याजोगे नाही. खाडीतून कालवे, चिंबोऱ्या, निवट्या कमी होत गेल्याचे प्रथम त्यांच्याच ध्यानात येते, कारण त्यांची चूल त्यावर पेटते.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला होता. जलप्रदूषणाच्या प्रतिबंधासाठी राज्याने १९६९ सालीच स्वतंत्र अधिनियम केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा जल अधिनियम त्यानंतर १९७४ साली आला. तरीही तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या सांडपाण्यामुळे मासेमारीची हानी झाल्याचे गाऱ्हाणे घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जावे लागले. त्या प्रकरणी जानेवारी २०२२ मध्ये निर्णय झाला. कायदा असणे आणि गाळात काय साठत आहे ते वेळेवर कळणे, ह्या दोन गोष्टींतील अंतर ह्यावरून दिसून येते. हानी सिद्ध होईपर्यंत ती गाळात उतरलेली असते, आणि गाळात उतरलेला धातू परत घेण्याचा उपाय बहुधा त्याला तेथे येऊ देण्याच्या लाभाहून अनेक पटींनी महाग पडतो.

८. नागपूरच्या दृष्टीने

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. नाग नदीचे पाणी कन्हानद्वारा प्रथम गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात पोहोचते. आंभोरे आज त्याच जलाशयाच्या काठी आहे. जलाशयात पाण्याचा वेग मंदावतो. म्हणून मैल्यातील सेंद्रिय द्रव्य व गाळाला चिकटलेले धातू यांचा मोठा भाग तेथेच थांबणार, हे वरील तत्त्वांवरून उघड आहे. त्यांचा भार समुद्रावर न पडता जलाशयाकाठच्या गावांवर आणि तेथील मासेमारांवर पडतो. राखेच्या बाबतीतही हेच. जुलै २०२२ मध्ये कोराडी विद्युत्केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून राख कोलार व कन्हान नद्यांत गेली, तेव्हा तिचा त्रास प्रथम ह्याच परिसराच्या पाणीपुरवठ्याला झाला. विद्राव्य नायट्रेट मात्र धरणाच्या दारांतून पुढे जाऊ शकते, आणि वाटेत वनस्पतींनी वा सूक्ष्मजीवांनी जे वापरले नाही ते उपसागराच्या त्या नाजूक हिशेबात जमा होते. धुराड्यातील पारा तर धरणाला ओळखतच नाही.

यावरून उपायांचीही वर्गवारी आपोआप होते. मैलापाण्यासाठी शुद्धीकरण आणि पुनर्वापर हा मार्ग योग्य आहे. भांडेवाडी येथील प्रकल्पातून दररोज १३० दशलक्ष लिटर शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या विद्युत्केंद्रासाठी वापरण्याची जी योजना नागपुरात झाली, ती ह्या दृष्टीने अनुकरणीय आहे, कारण जे पाणी नदीत गेलेच नाही त्यातील नत्रही पुढे जात नाही. धातूंसाठी मात्र सामुदायिक शुद्धीकरणकेंद्र पुरेसे नाही. ते धातू कारखान्याच्या दारातच, इतर सांडपाण्यात मिसळण्यापूर्वी अडविले पाहिजेत, कारण एकदा मिसळलेला धातू वेगळा काढणे दुष्कर होते. पाऱ्यासाठी धुराडे आणि कोळसा यांकडे पाहावे लागते. चिरस्थायी संयुगांसाठी ती न बनविणे हाच एकमेव खात्रीचा उपाय आहे.

येथील संशोधकांना ह्या विषयाची परंपरा लाभलेली आहे. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेली केंद्रीय लोकारोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था ह्या नावाने ओळखली जाते, आणि किनारी पाण्याच्या प्रदूषणाचाही अभ्यास तिने केला आहे. समुद्राची चिंता समुद्राकाठीच करावी लागते असे नाही, हे तिच्या अस्तित्वानेच सिद्ध केले आहे. नागपूरकराने आपल्या नदीकडे पाहताना तिच्यातून काय वाहत आहे हे विचारावे, परंतु तेवढ्यावर थांबू नये. जे वाहत आहे त्यातील कोणते द्रव्य कोठे जाऊन थांबणार, हा प्रश्न त्याने महानगरपालिकेला, कारखान्याला आणि विद्युत्केंद्राला वेगवेगळा विचारला पाहिजे. वेगवेगळा विचारल्याखेरीज त्याचे खरे उत्तर मिळणार नाही.